तात्या टोपे बडोद्याला पोहोचले असते तर

डिसेंबर १८५८ ची पहिली तारीख; शके १७८०, कार्तिकाचा वद्य पक्ष. तात्या टोपे छोट्या उदेपुरात उतरलेले आहेत. सोबत नानासाहेब पेशव्यांचे पुतणे रावसाहेब आहेत आणि महिनोन्महिने धावून थकलेली काही हजारांची फौज आहे. उरल्यासुरल्या तोफा आठवड्यापूर्वी राजपूरजवळ मेजर सदरलंडशी झालेल्या झटापटीत गेल्या. मागे नर्मदा, पुढे बोडेली, डभोई आणि मग बडोदे. पण त्याच दिवशी ब्रिगेडियर पार्क येऊन आदळला. नऊ दिवसांत सुमारे २४० मैलांची मजल मारून तो आला होता. तात्यांची फौज मोडली, ते उत्तरेला बांसवाड्याच्या रानात निघून गेले. ७ एप्रिल १८५९ ला ते पकडले गेले आणि १८ एप्रिलला शिवपुरीला त्यांना फाशी झाली. फाशी गेलेला दुसराच कोणी होता असे मानणारे लोक अजून आहेत. त्या वादात आज शिरायचे नाही.

छोट्या उदेपुरापासून बडोद्याचे अंतर शंभर किलोमीटरच्या आसपास, म्हणजे घोडदळाला दोन मजला. तात्यांचा रोख बडोद्यावर होता याविषयी त्या काळच्या इंग्रज अधिकाऱ्यांना शंका नव्हती. बडोद्यात मराठी माणूस आहे, पेशव्यांचे नाव ऐकून तो उठेल, असा हा हिशेब. जूनमध्ये ग्वाल्हेर, ऑक्टोबरअखेर नर्मदा उतरून नागपूरकर भोसल्यांचा मुलूख आणि आता बडोदे. एकेका मराठी गादीचे दार ठोठावत तात्या चालले होते. मांडवी, दांडिया बाजार, रावपुरा, वाडी, बाबाजीपुरा या भागांत चार-सहा पिढ्या काढलेल्या आपल्यासारख्या घरांना म्हणून हा प्रश्न विचारायचा हक्क आहे, आणि थोडी भीतीही वाटायला हवी. पार्कला दोन दिवसांचा उशीर झाला असता तर?

'असे झाले असते तर' हा प्रश्न इतिहासात विचारू नये असे आपल्याकडे पुष्कळदा सांगितले जाते. सांगणाऱ्यांनी रोमन इतिहासकार लिव्ही वाचलेला नसावा. अलेक्झांडर पूर्वेऐवजी पश्चिमेला वळून रोमवर चालून आला असता तर काय झाले असते, याची चर्चा त्याने आपल्या इतिहासाच्या नवव्या खंडात सविस्तर केली आहे. सैन्य, सेनापती, पैसा, मनुष्यबळ, सगळ्यांची तुलना करून तो म्हणतो की रोमच जिंकले असते. लिव्ही रोमन साम्राज्यातला नागरिक होता, हे सांगायला नकोच. अशा प्रश्नांत हीच एक मोठी खोड असते. प्रश्न विचारणारा बहुधा स्वतःच्या बाजूला जिंकवतो. जर्मन लोकांनी एकोणिसाव्या शतकात आर्मिनिअसचे हेच केले. इ. स. ९ मध्ये ट्यूटोबर्गच्या रानात त्याने व्हारसच्या तीन रोमन पलटणी कापून काढल्या. पुढच्यांनी त्याला अखंड जर्मनीचा जनक करून त्याचे पुतळे उभारले. प्रत्यक्षात त्याला त्याच्याच भाऊबंदांनी मारले, हे पुतळ्याखाली कोणी कोरत नाही.

तेव्हा एक नियम पाळू. बदल एकच करायचा आणि तोही लहानात लहान: पार्क दोन दिवस उशिरा येतो. बाकी माणसे, त्यांचे स्वभाव, त्यांची देणी-घेणी, सारे होते तसेच ठेवायचे. रोमची तुलना मधूनमधून घेईन. रोम आपल्याला वाटते तितके परके नाही. आपल्या अकोट्याच्या उत्खननात ग्रीक-रोमन घडणीची काशाची मूठ सापडलेली आहे; भडोचच्या बंदरातून रोमन माल आपल्या गावाच्या वेशीपर्यंत येत होता. पण तुलना घेण्याचे खरे कारण वेगळे आहे, ते पुढे येईल.

तर तात्या निघाले. बोडेलीवरून डभोई, हिरा भागोळीच्या सावलीत एक मुक्काम, आणि दुसऱ्या दिवशी बडोद्याचा पूर्वेचा पाणीदरवाजा. गादीवर खंडेराव महाराज आहेत. गणपतराव महाराज वारल्यावर १८५६ च्या अखेरीस ते गादीवर आले. रेल्वे यायला अजून दोन वर्षे आहेत. दरवाजा उघडतो का?

पहिला मुद्दा पेशवे आणि गायकवाड यांच्या जुन्या हिशेबाचा. आज आपण 'मराठेशाही' हा शब्द एका दमात उच्चारतो, त्यामुळे हा हिशेब विसरायला होतो. १७५१ मध्ये बाळाजी बाजीराव पेशव्यांनी दमाजीरावांना कैद केले आणि सुटकेची किंमत म्हणून गुजरातचा अर्धा मुलूख लिहून घेतला. त्यानंतर पिढ्यान् पिढ्या बाकी, नजराणे आणि खंडण्या साचत गेल्या. तो गुंता सोडवायला गंगाधरशास्त्री पटवर्धन पुण्याला गेले आणि १८१५ मध्ये पंढरपुरात त्यांचा खून झाला. बडोद्याच्या जुन्या घरांत शास्त्रीबुवांचे नाव ज्या स्वरात घेतले जाते त्या स्वरात ते पुण्यात घेतले जात नाही, हे आपल्यातल्या वडीलधाऱ्यांना ठाऊक असेल. त्या खुनाचा शेवट १८१७ च्या पुणे तहात झाला आणि पेशव्यांना गायकवाडांवरच्या हक्कांवर पाणी सोडावे लागले.

आता खंडेरावांच्या जागी बसून पाहा. दाराशी कोण उभे आहे? पेशव्यांचा वारस. पेशवाई परत उभी राहिली तर तिच्याबरोबर चाळीस वर्षांपूर्वी मिटलेली बाकीही उभी राहणार. इंग्रजांची तैनाती फौज महाग होती, रेसिडेंटची लुडबुड अपमानाची होती, तरी इंग्रजांनी पेशव्यांच्या बाकीचे खाते बंद करून दिले होते. माझ्या मते दरवाजा बंद राहिला असता, आणि त्यामागे इंग्रजांच्या धाकाइतकाच हा हिशेब असता. खंडेरावांच्या या निष्ठेचा मोबदला इंग्रजांनी रोख दिलाही. गुजरात इर्रेग्युलर हॉर्सच्या खर्चापोटी दरसाल भरावे लागणारे तीन लाख रुपये माफ झाले.

पण ग्वाल्हेरचा दाखला विसरून चालणार नाही. तिथेही महाराज फितले नव्हते. जयाजीराव शिंदे तोफा घेऊन तात्यांवर चालून गेले. त्यांचीच फौज पलीकडे जाऊन मिळाली आणि महाराजांना आग्र्याला पळावे लागले. बडोद्यातही हे घडू शकत होते. शिलेदारांच्या पागा, अरब, सिंधी, थकलेले पगार, आणि वाड्यातली भाऊबंदकी. १८५७ सालीच गायकवाड घराण्यातले गोविंदराव ऊर्फ बापू गायकवाड यांचे नाव एका कटात आले होते आणि तो कट फुटला होता. 'खटपट' हा आपला साधा मराठी शब्द कर्नल औट्रमने बडोद्याच्या दरबारी कारस्थानांवर अहवाल लिहून थेट इंग्रजी सरकारी कागदांत नेऊन बसवला. हा मान दुसऱ्या कोणत्या संस्थानाला मिळालेला मला तरी आठवत नाही.

म्हणजे राजा नाही म्हणाला असता, पण फौजेतला एक भाग हो म्हणू शकत होता. दोन-चार दिवसांची गोळीबारी, एखादा दरवाजा आतून उघडलेला, खजिना हाती आणि सरकारवाड्यावर रावसाहेबांचा दरबार. पुढे? ग्वाल्हेर तात्यांच्या हाती जूनच्या आरंभी आले आणि तीन आठवड्यांच्या आत गेले; त्यात झाशीची राणी गेली. बडोदे त्याहून जास्त टिकण्याचे कारण दिसत नाही. मध्य हिंदुस्थानात ह्यू रोज यायला वेळ लागला होता. इथे भडोच, सुरत, अहमदाबाद, सगळीकडे इंग्रजांची ठाणी शाबूत होती आणि समुद्र जवळ होता. तात्यांना पैसा मिळाला असता, तोफा मिळाल्या असत्या, कदाचित आणखी दोन-तीन महिने. १८५७ च्या जूनमध्ये बडोदे उठले असते तर गोष्ट वेगळी होती. १८५८ चा डिसेंबर म्हणजे कानपूर, लखनौ, झाशी, ग्वाल्हेर सगळे संपल्यानंतरचा महिना. राणीचा जाहीरनामाही नोव्हेंबरातच वाचून झाला होता.

या पराभवाचा हिशेब आपल्या घरांपर्यंत कसा पोहोचला असता, तेही पाहू. जयाजीरावांना गादी परत मिळाली, पण ग्वाल्हेरचा किल्ला इंग्रजांनी १८८६ पर्यंत सोडला नाही. बडोद्यात ज्या पागांनी दार उघडले असते त्या मोडल्या गेल्या असत्या. नेमणुका, इनामे, वतने गेली असती. पुढची गाठ आणखी नाजूक आहे. १८६२ मध्ये खंडेराव महाराजांना दत्तकाची सनद मिळाली. मल्हारराव महाराज १८७५ मध्ये पदच्युत झाल्यावर जमनाबाई राणीसाहेबांना कवळाण्याच्या गोपाळरावांना दत्तक घेता आले ते असल्या सनदांच्या राज्यात, आणि हे राज्य एकनिष्ठ आहे या कीर्तीवर. रेसिडेंटवर विषप्रयोग केल्याचा आरोप राजावर आलेला असताना, त्याच संस्थानाच्या दप्तरात १८५८ चे बंडही नोंदलेले असते, तर कलकत्त्याने गादीवर मूल बसवू दिले असते का? मला शंका आहे. सयाजीराव महाराज नाहीत म्हणजे सक्तीचे शिक्षण नाही, गावोगावची वाचनालये नाहीत, मराठी ग्रंथमाला नाहीत. ज्या संस्थेच्या व्याख्यानमालेत तुम्ही हे वाचत आहात तिच्या मागे उभा असलेला सारा आधार नाही.

तात्या टोप्यांच्या तसबिरीला हार घालणारे आपण आणि सयाजीरावांच्या पुतळ्याला हार घालणारेही आपणच. पण तात्या छोट्या उदेपुरात हरले हे आपल्या सुदैवाच्या पायाखाली आहे. हे वाक्य लिहिताना हात अडखळतो. तरी ते टाळण्यापेक्षा लिहिलेले बरे.

इथवरचा सगळा विचार रस्त्याच्या एका टोकाचा झाला. तो रस्ता ज्या रानातून जातो तिथे कोण राहत होते?

बडोद्याहून पावागडाला महाकालीच्या दर्शनाला आपण जातो, तिथून पुढे झंड हनुमानाला, जांबुघोड्याच्या अभयारण्याला. साग, महुडा, टिमरू. हा मुलूख नायकड्यांचा. पावागडाच्या पूर्वेपासून छोटे उदेपूर आणि देवगडबारियाच्या रानांपर्यंत ही जमात पसरलेली. आजचे 'नायक' आडनाव तिचेच. याला लागून गोध्रा, कालोल, हालोल, दाहोद, झालोद हे पाच महाल. 'पंचमहाल' हे नावच मराठी दप्तराचे आहे. हे महाल शिंद्यांचे होते. पाऊणशे-शंभर वर्षे इथे कमाविसदार आले, इजारे दिले-घेतले गेले, वसुली झाली. १८५३ मध्ये शिंद्यांनी कारभार इंग्रजांकडे सोपवला आणि पुढे झाशीकडच्या मुलखाच्या बदल्यात हे महाल कायमचे देऊन टाकले. दक्षिणेकडचा संखेडा गायकवाडांचा. म्हणजे नायकड्यांच्या रानाला दोन बाजूंनी मराठी कचेऱ्या होत्या आणि तिसरी इंग्रजांची नुकतीच बसली होती.

१८३८ मध्ये नायकड्यांनी एकदा शस्त्र उचलले होते. पुन्हा ऑक्टोबर १८५८ मध्ये संखेड्याकडचे नायकडे रूपा नायक आणि केवळ नायक यांच्या पाठीशी उठले. नारुकोटचे ठाणे लुटले गेले आणि जांबुघोड्याला कॅप्टन बेट्सच्या तुकडीशी लढाई झाली. महिना लक्षात ठेवा. तात्या तेव्हा नर्मदेच्या पलीकडेही उतरले नव्हते. हा उठाव त्यांनी पेटवलेला नव्हता; तो आधीच पेटलेला होता. तात्यांची फौज मोडल्यावर तिच्यातले काही विलायती शिपाई, म्हणजे मकराणी, अरब वगैरे, चांपानेर आणि नारुकोटच्या मधल्या डोंगरात नायकड्यांना येऊन मिळाले. दोन्ही बंडांची गाठ पडली ती एवढीच, आणि तीही फुटक्या तुकड्यांची. मार्च १८५९ मध्ये केवळ आणि रूपा यांनी माफी पत्करली.

तात्यांच्या स्वारीचा नकाशा काढून पाहिला तर एक गोष्ट दिसते. ते रानातून जातात ते शहराकडे. ग्वाल्हेर, नागपूर, बडोदे. खजिना, तोफखाना, गादी. रान त्यांना वाट म्हणून लागते, लपण म्हणून लागते. गनिमी काव्याचे एवढे मोठे सेनापती, पण जांबुघोड्याच्या डोंगरात दोन महिन्यांपासून लढत असलेल्या माणसांकडे वळावे असे त्यांना वाटल्याचे दिसत नाही. त्यांना हवे होते पेशव्यांचे राज्य, आणि पेशव्यांच्या राज्यात नायकड्यांची जागा कोणती होती ते नायकड्यांना चांगले ठाऊक होते. पाणीदरवाजा उघडला असता आणि रावसाहेब खरेच गादीवर बसले असते, तर पुढच्या हंगामात त्यांचाही कमाविसदार वसुलीला आलाच असता.

आता रोमकडे येतो. नायकड्यांच्या गोष्टीला आर्मिनिअसपेक्षा जवळचा दाखला बटावी जमातीचा आहे. ऱ्हाइन नदीच्या मुखाशी राहणारे हे लोक रोमला कर देत नसत, माणसे देत. रोमन भरतीदार म्हाताऱ्यांना आणि आजाऱ्यांना धरून नेत आणि पैसे घेऊन सोडत, पोरांना पळवत. इ. स. ६९ मध्ये रोमच्या गादीसाठी चार दावेदार लढत होते. तेव्हा सिव्हिलिस हा बटावी सरदार उठला. त्याने पंचवीस वर्षे रोमन फौजेत काढली होती. त्याच्या भावाला खोट्या आरोपावरून मारले होते. आणि शेजारच्या ब्रुक्टेरी जमातीत वेलेडा नावाची कुमारिका होती. ती एका मनोऱ्यात राही. लोक तिला देवीच मानत. रोमन पलटणींचा नाश होईल असे तिने सांगितले, आणि व्हेटेराची छावणी पडली तेव्हा तिचा शब्द खरा ठरला. पकडलेले रोमन सेनापतीचे जहाज लिप्पे नदीतून वर ओढत नेऊन तिला भेट दिले गेले. तलवार एकाची, वाणी एकीची आणि त्याच वेळी रोममध्ये यादवी. असा तिहेरी योग आला म्हणून ते बंड वर्षभर टिकले.

आमच्या रानातही तलवार आणि वाणी एकत्र आली, पण ती दहा वर्षे उशिरा.

वडेक गावचा जोरिया हा नायकडा भगत. १८६७ च्या सुमारास लोक त्याला परमेश्वर म्हणू लागले. शुद्ध राहा, धर्माने वागा, असे तो सांगे, आणि धर्माचे राज्य येणार आहे असेही. दांडियापुऱ्याचा रूपसिंग नायक त्याला येऊन मिळाला. हा आधीच्या बंडातला अनुभवी माणूस. धर्माची बाजू जोरियाने पाहायची, राज्याची रूपसिंगाने, अशी वाटणी झाली. फेब्रुवारी १८६८ मध्ये रूपसिंगाने राजगढच्या ठाणेदाराकडे महसुलातला हिस्सा मागितला. मराठी वाचकाने या मागणीपाशी जरा थांबावे. मुलूख आमचा आहे, वसुली तुम्ही करता, तर त्यातला वाटा आम्हाला द्या. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी याच गुजरातेत आपल्या पूर्वजांनी मोगल सुभेदाराकडे काय मागितले होते? आपण त्याला चौथाई म्हणतो आणि शाळेत त्याचा अभिमान शिकवतो. रूपसिंगाच्या मागणीला सरकारी कागदांत दरोडा म्हटले गेले.

राजगढचे ठाणे लुटले गेले, मग जांबुघोडा, मग छोट्या उदेपूर संस्थानातले जेतपूर. जोरियाच्या शब्दाने बंदुकीची गोळी लागणार नाही असा विश्वास होता. दोन आठवड्यांच्या आत फौज वडेकला पोहोचली आणि गोळी लागली. जोरिया, रूपसिंग, रूपसिंगाचा मुलगा गलालिया आणि त्यांचे साथीदार फाशी गेले. बडोद्यात त्या वेळीही खंडेराव महाराजच गादीवर होते.

तेव्हा पार्कच्या दोन दिवसांपेक्षा मोठा 'तर' हा आहे. जोरिया परमेश्वर दहा वर्षे आधी उठला असता तर? १८५८ मध्ये संधी होती. इंग्रजांची फौज तात्यांच्या मागे माळव्यापासून गुजरातेपर्यंत पांगलेली होती, पंचमहालात त्यांचा अंमल नवा आणि उधारीचा होता, आणि फुटलेले कसलेले शिपाई रानात यायला तयार होते. नव्हती ती पाड्यापाड्यांना एका शब्दावर उठवणारी वाणी. रूपा आणि केवळ हे नायक होते, परमेश्वर नव्हते. १८६८ मध्ये वाणी होती, पण बाहेर सगळे शांत होते. रेल्वे बडोद्यापर्यंत आलेली, तारायंत्र चालू आणि फौजेला दुसरे काम नाही.

हे दोन्ही एकत्र आले असते तर नायकड्यांचे स्वतंत्र राज्य झाले असते असे मी म्हणणार नाही. बटावींचेही झाले नाही. व्हेस्पासिअन गादीवर स्थिरावला, सेरिआलिस फौज घेऊन आला आणि बोलणी सुरू झाली. दहा-पंधरा वर्षांनी बटावी पलटणी ब्रिटनच्या उत्तरेत रोमसाठी लढताना दिसतात. साम्राज्य बंडखोरांना मारते, आणि मारणे महाग पडले तर त्यांना नोकरी देते. खानदेशात औट्रमने १८२५ मध्ये भिल्ल पलटण उभारली तीही याच विचाराने. पण वर्ष-दीड वर्ष टिकलेल्या बंडाशी बोलणी करावी लागतात आणि बोलण्यांतून कागद निर्माण होतो. दोन आठवड्यांत मोडलेल्या बंडाच्या वाट्याला फक्त फाशी येते.

तो कागद कसा असता, याचा नमुना शोधायला दूर जायला नको. डांगच्या भिल्ल राजांशी इंग्रजांनी १८४० च्या दशकात रानाचे पट्टे केले. त्या राजांच्या वंशजांना आजही आहव्याच्या डांग दरबारात दरवर्षी समारंभाने सालियाना मिळतो. नायकड्यांनाही असे काही मिळाले असते: जांबुघोड्याला वर्षातून एक दरबार, रूपसिंगाच्या वंशजाला पागोटे, महसुलातला हिस्सा लेखी कबूल. हे थोडे नव्हे. मात्र डांगच्या पट्ट्यांतून राजांचा मान राहिला आणि साग कापून गेला, हेही विसरता येत नाही. जांबुघोड्याचा सागही गेलाच असता, फक्त पावती फाटली असती.

सिव्हिलिसची गोष्ट टॅसिटसने लिहिली. तो रोमन होता, तरी बंडखोराच्या तोंडी भाषणे घालण्याइतका मोकळा होता. त्याच्या ग्रंथाचा शेवट असा की नदीवरचा पूल मधोमध तोडलेला आहे, एका टोकाला सेरिआलिस आणि दुसऱ्या टोकाला सिव्हिलिस उभा आहे, सिव्हिलिस बोलू लागतो आणि हस्तलिखित तिथेच तुटते. जोरियाची गोष्ट आपल्यापर्यंत आली ती मुंबई सरकारच्या १८७९ च्या गॅझेटिअरमधून. तिथे भाषण नाही. ठाणे, लूट आणि शिक्षा आहे. अलीकडे वडेक आणि दांडियापुऱ्याच्या शाळांना जोरिया परमेश्वर आणि रूपसिंग नायक यांची नावे दिली गेली, ती या गॅझेटिअरमुळे नव्हेत. पाड्यांवर ती नावे दीडशे वर्षे बोलण्यात होती.

आपल्याकडे मात्र कागद आहेत. बडोद्याच्या जुन्या वाड्यांत मोडीतली रोजकीर्द, कीर्द-खतावणी, सासर-माहेरची पत्रे अजून रुमालात बांधलेली आहेत. काही विकली गेली, काही पावसाने गेली, तरी आहेत. ज्यांच्या घरी शके १७८० चे दप्तर असेल त्यांनी कार्तिक आणि मार्गशीर्षाची पाने उघडून पाहावीत. त्या पंधरवड्यात धान्याचा भाव चढला का, पागेतले किती स्वार कामगिरीवर पाठवले, बायकामुलांना कुठे हलवले, दागिने कोणाकडे ठेवले, पाणीदरवाजावर चौकी किती दिवस होती. आणि पान उलटण्यापूर्वी संखेडा, जांबुघोडा, नायकडे असा कुठे उल्लेख आहे का तेही पाहावे. मोडी वाचणारे लोक आपल्या गावात अजून आहेत. रुमाल सोडायला तेवढे निमित्त पुरे.